प्रश्न विचारण्याची शिस्त

(पुणे येथील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



४ मार्च २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एक निकाल दिला आणि त्यानंतर ‘इंपिरिकल डेटा’ हा परका शब्द महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत जाऊन पोहोचला. स्थानिक स्वराज्य संस्थांतील इतर मागासवर्गीयांचे आरक्षण तीन कसोट्यांना उतरल्यावाचून देता येणार नाही, असे न्यायालयाने बजावले होते. मागासलेपणाच्या स्वरूपाची व परिणामांची स्वतंत्र आयोगाकडून चौकशी, त्या चौकशीच्या आधारे प्रत्येक संस्थेपुरते ठरविलेले आरक्षणाचे प्रमाण आणि एकूण आरक्षणाला पन्नास टक्क्यांची मर्यादा, अशा या तीन कसोट्या. त्या आकाशातून पडल्या नव्हत्या. २०१० सालीच घटनापीठाने त्यांचा पाया घातला होता. मधल्या अकरा वर्षांत राज्यात सत्तेवर आलेल्या पक्षांनी मागासवर्गीयांच्या नावाने मेळावे घेतले, घोषणा केल्या, पुतळे उभारले. चौकशी मात्र कोणी केली नाही. परिणामी लक्षावधी लोकांच्या राजकीय हक्काचा प्रश्न ‘माहिती कुठे आहे?’ या एका प्रश्नापाशी येऊन अडला. पुढे प्रभागरचनेचे व इतर वाद त्यात मिसळले. पुणे महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली, तेव्हा तेथे प्रशासक आला आणि तीन वर्षांहून अधिक काळ या शहराचा कारभार निवडून आलेल्या प्रतिनिधींवाचून चालला.

२०२२ साली बांठिया आयोगाचा अहवाल आला आणि आरक्षणाची वाट मोकळी झाली. परंतु आडनावांवरून जात ठरविण्याच्या त्याच्या पद्धतीला तीव्र आक्षेप घेतले गेले. ते आक्षेप रास्त होते. जाधव, पवार, शिंदे, मोरे ही आडनावे महाराष्ट्रात किती जातींत आढळतात, हे गावातला कोणीही सांगू शकेल. समाजाचा एक भाग कागदावर किती टक्के ठरावा, हे येथे मोजणीच्या पद्धतीवर अवलंबून राहिले. पद्धत चुकली तर माणसे कागदावरून नाहीशी होतात. आणि जी माणसे कागदावर नाहीत त्यांना हक्कही मिळत नाहीत.

राज्यशास्त्राच्या अभ्यासक्रमात ‘संशोधन पद्धती’ नावाची एक प्रश्नपत्रिका असते. विद्यार्थी तिला कंटाळतात, प्राध्यापक ती उरकतात आणि कार्यकर्त्यांना तिचे अस्तित्वही ठाऊक नसते. गृहीतक म्हणजे काय, नमुना कसा निवडावा, प्रश्नावली कशी करावी, मुलाखत कशी घ्यावी, कागदपत्रांची छाननी कशी करावी, ही तिची कलमे. कोरड्या वाटणाऱ्या या कलमांमध्ये लोकशाही राजकारणाचा एक मोठा भाग दडलेला आहे, हे २०२१ च्या निकालाने सर्वांना दाखवून दिले. म्हणून राजकीय विश्लेषणाचे शिक्षण म्हणजे काय, ते विद्यापीठात कसे मिळावे आणि चळवळीचा त्याच्याशी काय संबंध, या प्रश्नांचा विचार या अभ्यासवर्गात होणे उचित आहे. त्यासाठी पुण्याइतके योग्य स्थळ दुसरे नाही. कारण या शहरात ही विद्या विद्यापीठाहून जुनी आहे.

मोजणारे पुणे

पुणे सार्वजनिक सभा १८७० साली स्थापन झाली. शेतकऱ्यांच्या स्थितीची चौकशी हे तिने आरंभीच हाती घेतलेले काम होते. १८७५ च्या मे महिन्यात सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर चाल करून कर्जरोखे जाळले, त्याच्या आधीच या सभेने दख्खनमधील शेतीच्या दुरवस्थेचा प्रश्न मांडला होता. १८७६-७७ च्या दुष्काळात सभेने आपली माणसे जिल्ह्याजिल्ह्यांत पाठविली आणि त्यांनी आणलेल्या माहितीच्या आधारे सरकारला वृत्तांत सादर केले. सार्वजनिक काका आणि न्यायमूर्ती रानडे यांचे राजकारण अर्ज-विनंत्यांचे होते, अशी टीका पुढील पिढ्यांनी केली व ती पुष्कळ अंशी खरीही आहे. पण त्या अर्जांमागे पायी हिंडून गोळा केलेली माहिती होती, हे विसरता येत नाही.

त्याच काळात, त्याच शहरात, महात्मा फुले वेगळ्या टोकावरून पाहत होते. १८८२ साली हंटर आयोगापुढे सादर केलेल्या निवेदनात त्यांनी सरकारी महसूल कोणाच्या घामातून येतो आणि त्यातून होणारा शिक्षणाचा खर्च कोणाच्या पदरात पडतो, असा हिशेब मांडला. ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिताना त्यांनी शेतकऱ्याचे घर, त्याचे अन्न, त्याचे वस्त्र आणि त्याचे कर्ज यांचे बारीक तपशील दिले. फुले यांना कोणत्याही विद्यापीठाने संशोधन पद्धती शिकविली नव्हती. तरी ‘खर्च कोणासाठी?’ हा त्यांचा प्रश्न आजही अर्थसंकल्प वाचणाऱ्या प्रत्येकाने पहिल्यांदा विचारावा असा आहे. सभेचे सुशिक्षित पुढारी शेतकऱ्याच्या वतीने बोलत होते, फुले त्याच्या बाजूने पाहत होते. माहिती तीच असली तरी कोण पाहतो आणि कोठून पाहतो यावर प्रश्न बदलतो, हा विश्लेषणाचा पहिला धडा पुण्याने असा गिरविला.

दुसरा धडा डॉ. हॅरल्ड मॅन यांचा. हे इंग्रज शास्त्रज्ञ पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे प्राचार्य होते. पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर या गावाची त्यांनी घरटी पाहणी केली आणि ती १९१७ साली प्रसिद्ध झाली. आज तेथे उंच इमारतींची रांग आहे. १७७१ साली त्या गावात सरासरी धारणक्षेत्र ४० एकर होते, ते १९१४-१५ साली ७ एकरांवर आले होते, असे मॅन यांनी दाखविले. परंतु त्याहून महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे. हे गाव शहराला लागून आहे, तेथील माणसांना पुणे-खडकीत काम मिळते. मग ते साऱ्या दख्खनचे प्रतिनिधी कसे मानावे? ही शंका मनात धरून मॅन यांनी कानिटकर यांच्यासह शहरापासून दूरचे, कोरडवाहू असे जातेगाव बुद्रुक निवडले आणि तीच पाहणी पुन्हा केली. तिचा वृत्तांत १९२१ साली प्रसिद्ध झाला. स्वतःच्या निष्कर्षावर स्वतःच संशय घेणे आणि तो फिटेपर्यंत पुन्हा उन्हात चालणे, यालाच शास्त्रीय वृत्ती म्हणतात.

जमिनीच्या तुकड्यांचा हाच वाद रंगात असताना १९१८ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यावर एक निबंध लिहिला. तुकडे लहान आहेत म्हणून ते एकत्र करा, असा त्या वेळच्या तज्ज्ञांचा आग्रह होता. आंबेडकरांनी प्रश्नच उलटा केला. धारणक्षेत्र लहान की मोठे हे केवळ एकरांवर ठरत नाही, त्यावर भांडवल किती आणि श्रम किती यावर ते ठरते. शेतीवर फाजील माणसांचा भार आहे, तो उद्योगीकरणानेच हलका होईल, असे त्यांनी प्रतिपादन केले. मोजणी आणि विश्लेषण यांतील फरक येथे स्पष्ट होतो. मोजणारा काय आहे ते सांगतो, विश्लेषक ते तसे का आहे हे विचारतो. पहिल्यावाचून दुसरा हवेत बोलतो आणि दुसऱ्यावाचून पहिला नुसताच कारकून राहतो.

१९३० साली भारत सेवक समाजाच्या आश्रयाने गोखले अर्थशास्त्र संस्था उभी राहिली आणि धनंजयराव गाडगीळ तिचे पहिले संचालक झाले. गाडगीळांनी पुणे शहरालाच प्रयोगशाळा मानले. शहरातील घरे, धंदे, मजुरी आणि बेकारी यांची त्यांनी केलेली पाहणी १९४५ व १९५२ साली दोन भागांत प्रसिद्ध झाली. १९५६ साली फेरपाहणीचा वृत्तांतही निघाला. याच संस्थेतील वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी १९७१ साली ‘भारतातील दारिद्र्य’ हा अभ्यास प्रसिद्ध केला. रोज २२५० उष्मांक देणारा आहार हे किमान माप धरून, १९६०-६१ च्या किमतींनी त्यासाठी ग्रामीण भागात दरमहा दरडोई १५ रुपये व शहरांत साडेबावीस रुपये खर्च लागतो, असा हिशेब त्यांनी केला. त्या मापाने खेड्यांतील सुमारे ४० टक्के आणि शहरांतील सुमारे ५० टक्के माणसे दारिद्र्यरेषेखाली होती. त्या रेषेवर पुढे अनेकांनी टीका केली, आणि माणसाची गरज उष्मांकांत बसत नाही हे खरेच आहे. पण ‘गरिबी’ हा भाषणातला शब्द या हिशेबाने मोजता येईल अशा सार्वजनिक जबाबदारीत बदलला. ज्याला काम हवे त्याला सार्वजनिक कामावर रोजगाराची हमी द्या, हा त्यांचा एक उपाय होता. १९७२ च्या दुष्काळात डाव्या व समाजवादी पक्षांचे मोर्चे, वि. स. पागे यांचा पाठपुरावा आणि अशा अभ्यासांनी तयार झालेले मत यांच्या संगमातून रोजगार हमी योजना आकाराला आली. तिचा कायदा १९७७ साली संमत होऊन १९७९ च्या प्रजासत्ताकदिनी अंमलात आला. अभ्यासक आणि चळवळ यांची गाठ पडली की काय घडते, याचे महाराष्ट्रातले हे ठळक उदाहरण आहे.

मतदाराला विचारण्याची रीत

राजकारणाचा, विशेषतः मतदाराचा, अशा रीतीने अभ्यास करण्याचे काम पुणे विद्यापीठाच्या राज्यशास्त्र विभागाने हाती घेतले. १९४९ साली विद्यापीठ स्थापन झाले, तेव्हा आपल्याकडे राज्यशास्त्र म्हणजे प्लेटोपासून मिलपर्यंतचे विचारवंत आणि निरनिराळ्या देशांच्या राज्यघटना, एवढाच समज होता. प्रा. व. म. सिरसीकरांनी १९६२ च्या सार्वत्रिक निवडणुकीत पुण्याच्या मतदारांचा क्षेत्रीय अभ्यास केला आणि तो १९६५ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाला. पुढे पंचायत राज्यातून वर आलेल्या ग्रामीण नेतृत्वाचा व १९६७ च्या निवडणुकीचाही त्यांनी अभ्यास केला.

हा अभ्यास समाजवादी कार्यकर्त्यांनी जिव्हाळ्याने वाचावा असा काळ होता. १९५७ साली संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत पुण्याने नानासाहेब गोरे यांना लोकसभेत पाठविले. १९६२ साली त्याच पुण्यातून काँग्रेसचे शंकरराव मोरे निवडून आले. १९६७ साली पुन्हा एस. एम. जोशी विजयी झाले. दहा वर्षांत एकाच शहराने तीन वेळा कौल फिरविला. या प्रत्येक वेळी कट्ट्यावर आणि पक्षाच्या कार्यालयात उत्तरे तयार होती. जिंकलो तर जनता जागृत झाली, हरलो तर पैशाने आणि जातीने घात केला. या उत्तरांत एक सोय असते: ती देण्यासाठी मतदाराच्या घरी जावे लागत नाही. सिरसीकरांचे वेगळेपण असे की, त्यांनी मतदारालाच जाऊन विचारले.

दिल्लीच्या विकसनशील समाज अध्ययन केंद्राने, म्हणजे रजनी कोठारींनी १९६३ साली स्थापन केलेल्या संस्थेने, १९६७ पासून देशव्यापी निवडणूक सर्वेक्षणे केली. १९९७ साली त्या केंद्रात ‘लोकनीती’ हा उपक्रम सुरू झाला आणि राज्याराज्यांतील विद्यापीठांचे अध्यापक त्यात सामील झाले. पुण्यातील सुहास पळशीकर, राजेंद्र व्होरा, राजेश्वरी देशपांडे यांच्यासारख्या अध्यापकांमुळे महाराष्ट्राच्या राजकारणाची चर्चा अंदाजांकडून पुराव्याकडे वळली.

हे काम प्रत्यक्षात कसे चालते, हे कार्यकर्त्यांनी समजून घेण्यासारखे आहे. प्रथम मतदारसंघ, मग त्यांतील मतदान केंद्रे आणि मग त्या केंद्रांच्या यादीतील नावे ठरावीक रीतीने निवडली जातात. विद्यार्थी-अन्वेषकाच्या हाती नावांची यादी येते. त्याला त्या व्यक्तीच्या घरी जायचे असते. शेजारचा गप्पिष्ट गृहस्थ कितीही उत्सुक असला तरी त्याची मुलाखत चालत नाही. यादीतील बाई रोजंदारीवरून संध्याकाळी परतणार असेल तर संध्याकाळपर्यंत थांबावे लागते. नवरा तिच्या वतीने उत्तरे देऊ लागला तर त्याला नम्रपणे बाजूला करावे लागते. मत कोणाला दिले, हा प्रश्न तोंडी विचारत नाहीत. नमुना मतपत्रिका हातात देऊन ती पेटीत टाकायला सांगतात, म्हणजे घरच्यांसमोर बोलावे लागत नाही. या प्रत्येक नियमामागे एक राजकीय तत्त्व आहे. यादीतले प्रत्येक नाव सारख्याच मोलाचे आहे, हे ते तत्त्व. एका माणसाला एक मत या सूत्राचा अभ्यासातील अवतार म्हणजे नमुना निवड होय.

याउलट कार्यकर्ते एरवी कोणाशी बोलतात, याचा विचार करावा. चहाच्या टपरीवर भेटणारे, सभेला येणारे, वर्गणी देणारे, म्हणजे बहुतांशी पुरुष आणि बहुतांशी आपल्याच मताचे. त्यांच्याशी बोलून जो अंदाज बांधला जातो त्यात धुणेभांडी करणारी बाई नसते, वस्तीच्या शेवटच्या गल्लीतले घर नसते, रात्रपाळीचा रखवालदार नसतो. समाजवादी पक्ष ज्यांच्यासाठी आहे असे सांगतो, नेमकी तीच माणसे त्याच्या अंदाजातून गळतात. सभेला गर्दी झाली म्हणजे लाट आली असे मानणाऱ्या पक्षाची निकालाच्या दिवशी जी अवस्था होते, तिचा अनुभव या सभागृहातील ज्येष्ठांना नव्याने सांगायला नको.

आकड्यांच्या पलीकडे

तथापि पद्धत म्हणजे केवळ सर्वेक्षण नव्हे. सर्वेक्षण मत मोजते; भीती, अपमान आणि आठवण मोजण्याचे काम त्याला नेहमी जमत नाही. त्यासाठी ऐकावे लागते आणि जुने कागद वाचावे लागतात. राजेंद्र व्होरा यांनी मुळशी सत्याग्रहाचा जो अभ्यास केला, त्याचा इंग्रजी ग्रंथ त्यांच्या निधनानंतर, २००९ साली, प्रसिद्ध झाला. सेनापती बापटांच्या शौर्याची कथा महाराष्ट्राला माहीत होती. टाटांच्या धरणाविरुद्ध १९२१ ते १९२४ या काळात मावळातील शेतकरी उभे राहिले, हेही ठाऊक होते. व्होरांनी या गौरवकथेवर न थांबता शेतकरी, जमीनमालक, सावकार, कंपनी, सरकार आणि शहरातील नेतृत्व यांचे परस्परसंबंध तपासले. आंदोलनात ‘जनता’ एकजिनसी नसते, तिच्यात हितसंबंधांच्या भेगा असतात, हे धरणग्रस्तांच्या पुढील प्रत्येक लढ्याला उपयोगी पडावे असे ज्ञान आहे. आपल्याच बाजूच्या इतिहासाकडे अशा चिकित्सक नजरेने पाहणे सोपे नसते.

शर्मिला रेगे यांनी पुणे विद्यापीठातील क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले स्त्री अभ्यास केंद्रात काम करताना दलित स्त्रियांच्या आत्मकथनांना पुराव्याचे स्थान दिले. २००६ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा ग्रंथ त्याची साक्ष आहे. जिचे नाव कोणत्याही सरकारी दप्तरात नाही, तिचा अनुभव हाच दस्तऐवज मानावा लागतो. अर्थात तोही तपासून, इतर अनुभवांशी ताडून पाहावा लागतो. पण आधी ऐकावा लागतो.

आणि ऐकण्याने काय घडू शकते, हे पाहायचे तर कागद-काच-पत्रा वेचणाऱ्या स्त्रियांकडे पाहावे. १९९० च्या सुमारास एसएनडीटी महिला विद्यापीठाच्या पुण्यातील निरंतर शिक्षण विभागातील कार्यकर्त्या कचरा वेचणाऱ्यांच्या वस्त्यांत साक्षरतेचे वर्ग घेण्यासाठी गेल्या. गेल्या होत्या अक्षरे शिकवायला. तेथे राहून त्यांना उमगले की, या स्त्रियांपुढचा पहिला प्रश्न वेगळा आहे. दिवसभर शहराचा कचरा निवडणाऱ्या बाईला शहर कामगार मानत नव्हते, चोर मानत होते. १९९३ साली बाबा आढाव यांच्या अध्यक्षतेखाली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन झाली. २००१ साली आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेसाठी झालेल्या अभ्यासातून या स्त्रिया न मागता शहराचा केवढा खर्च वाचवितात, याचा हिशेब मांडला गेला. महापालिकेने त्यांच्या ओळखपत्रांना मान्यता दिली, त्यांच्या वैद्यकीय विम्याचा भार उचलला आणि २००८ पासून ‘स्वच्छ’ या त्यांच्या सहकारी संस्थेकडे घरोघरचा कचरा गोळा करण्याचे काम आले. ‘आम्ही गरीब आहोत, दया करा’ या विनवणीऐवजी ‘आमच्या श्रमाची ही किंमत आहे’ असे त्या म्हणू शकल्या. त्यांचा लढा संपलेला नाही, पण तो उभा राहिला तो अभ्यास आणि संघटना यांनी एकमेकींचा हात धरल्यामुळे.

आजचे चित्र

एवढी परंपरा पाठीशी असताना आज विद्यापीठांत या विद्येचे काय झाले आहे? कागदोपत्री तिची भरभराट आहे. २००९ सालापासून विद्यापीठ अनुदान आयोगाने पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांना संशोधन पद्धतीचा अभ्यासक्रम सक्तीचा केला. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने पदवीच्या चौथ्या वर्षातही संशोधन आणले. पण सक्तीने पद्धत येते, वृत्ती येतेच असे नाही. अध्यापकांच्या नेमणुका व बढत्या प्रसिद्ध झालेल्या लेखांच्या संख्येला बांधल्यावर लेखांचा बाजार भरला. २०१८ साली पुणे विद्यापीठातीलच अभ्यासकांच्या पुढाकाराने आयोगाच्या मान्यताप्राप्त नियतकालिकांच्या यादीची चिकित्सा झाली. विद्यापीठांच्या शिफारशींवरून त्या यादीत आलेली जी नियतकालिके तपासली, त्यांतील ८८ टक्क्यांहून अधिक हिणकस दर्जाची असू शकतात, असा तिचा निष्कर्ष होता. मोजणीच्या विद्येने विद्यापीठाला आरसा दाखविला, ही त्यातली समाधानाची बाब. आरशात जे दिसले ते मात्र लाजिरवाणे होते.

दुसरा प्रश्न भाषेचा. सातारा, बीड, नंदुरबार येथून पुण्यात येणारा विद्यार्थी मराठीतून शिकलेला असतो. गाव कसे चालते, सोसायटीचे कर्ज कोणाला मिळते, सरपंचपद राखीव झाले म्हणजे कारभार खरोखर कोण पाहतो, हे त्याला कोणत्याही परदेशी अभ्यासकापेक्षा अधिक ठाऊक असते. संशोधन पद्धतीची पुस्तके मात्र इंग्रजीत. तो व्याख्या पाठ करतो, प्रबंधात त्या उतरवितो आणि स्वतःच्या गावाविषयी त्याला जे माहीत असते ते प्रबंधाबाहेरच राहते. व्होरा आणि पळशीकर यांनी १९८७ साली ‘राज्यशास्त्र कोश’ सिद्ध केला, स. मा. गर्गे यांनी ‘भारतीय समाजविज्ञान कोश’ संपादित केला, ते या उणिवेची जाणीव असल्यामुळेच. ते काम पुढच्या पिढीने त्याच नेटाने चालविले पाहिजे.

तिसरी गोष्ट सर्वांत चिंतेची. जी मूळ माहिती सरकारनेच द्यायची, तिचाच दुष्काळ पडला. २०१७-१८ च्या ग्राहक खर्च पाहणीचे निष्कर्ष गुणवत्तेचे कारण सांगून सरकारने प्रसिद्ध केले नाहीत. २०२१ ची जनगणना वेळेवर झाली नाही. तिच्यासाठी १ मार्च २०२७ हा संदर्भदिनांक जाहीर करण्यात आला आणि तिच्यात जातनिहाय नोंद होईल, असे २०२५ साली सांगण्यात आले. दहा वर्षांनी होणारी मोजणी सोळा वर्षांवर गेली म्हणजे मधल्या काळात किती कुटुंबे रेशनच्या हिशेबाबाहेर राहिली असतील, याचा विचार करावा. जनगणनेचा आग्रह हा तज्ज्ञांचा हट्ट नाही, तो भाकरीचा प्रश्न आहे. आणि जातनिहाय नोंदीत कोणते प्रश्न, कोणत्या रकान्यांत, कोण विचारणार, यावर आजच लक्ष ठेवले नाही तर आडनावांच्या मोजणीसारखीच फसगत पुन्हा व्हायची.

कार्यकर्त्याने काय करावे?

१९५६ साली डॉ. आंबेडकरांनी मुंबईत राजकारणात प्रवेश करू इच्छिणाऱ्यांसाठी एक प्रशिक्षण विद्यालय सुरू केले. त्याच वर्षाच्या अखेरीस त्यांचे निधन झाले आणि ते काम वाढू शकले नाही. ज्याने आयुष्यभर अभ्यास केला आणि आयुष्यभर लढा दिला, त्याला आयुष्याच्या संध्याकाळी राजकारणासाठी शाळा काढावीशी वाटली, या घटनेचा अर्थ पक्षांनी अजून नीट लक्षात घेतलेला नाही. डॉ. राममनोहर लोहियांनी बर्लिनला जाऊन मिठाच्या कराच्या प्रश्नावर डॉक्टरेट मिळविली होती, याचा अभिमान समाजवादी मंडळी बाळगतात. पण पक्षाच्या शाखेत आज मिठाचा, गॅसचा किंवा घरभाड्याचा हिशेब ठेवलेली वही सापडेल काय?

अशी वही ठेवणे कठीण नाही. एका प्रभागातील शंभर घरे मतदारयादीतून ठरावीक अंतराने निवडावीत. ज्यांची नावे आली त्यांच्याच घरी जावे, बाईचे नाव असेल तर बाईशीच बोलावे. पाच-सात साधे प्रश्न असावेत आणि ते अशा शब्दांत असावेत की, उत्तर देणाऱ्याला आपले मत काय असावे हे विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर वाचता येऊ नये. ‘महागाईने तुमचे कंबरडे मोडले आहे ना?’ हा प्रश्न नाही, ते भाषण आहे. ‘गेल्या महिन्यात घरातला कोणता खर्च टाळावा लागला?’ हा प्रश्न आहे. महापालिकेच्या अंदाजपत्रकातून त्या प्रभागाच्या वाट्याला काय आले ते काढावे. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याने कागद मागावेत. सहा महिन्यांनी त्याच घरी पुन्हा जावे. विद्यापीठातील एखाद्या विद्यार्थ्याला या कामात सोबत घ्यावे. त्याला नमुना निवडीची रीत ठाऊक असते, कार्यकर्त्याला गल्ली ठाऊक असते. दोघांचीही विद्या अर्धी असते.

यात एक धोका आहे, तो स्पष्टपणे सांगितला पाहिजे. आलेली उत्तरे पक्षाच्या मताविरुद्ध जातील. ज्या प्रश्नावर वर्षभर आंदोलन केले, तो वस्तीला पाचव्या क्रमांकाचा वाटतो, असे कळेल. ज्या घरांना आपली मानले, त्यांनी दुसऱ्याला मत दिले आणि त्याला त्यांच्यापाशी विचारपूर्वक कारण आहे, असे आढळेल. अशा वेळी वही मिटून ठेवण्याचा मोह होतो. सरकारने खर्चाची पाहणी मिटून ठेवली, तेव्हा तिच्याविरुद्ध आवाज उठविणाऱ्यांना स्वतःची वही मिटण्याचा अधिकार राहत नाही. उत्तर कटू आले म्हणून तत्त्व सोडायचे नसते. पण तत्त्व लोकांपर्यंत न्यायची वाट चुकली होती, हे मात्र मान्य करावे लागते.

पिंपळे सौदागरची पाहणी पुरी झाल्यावर मॅन यांना तेथे थांबता आले असते. ते जातेगावला गेले. पक्षाच्या शाखेनेही आपले अनुकूल घर तपासून झाले की, दुसऱ्या, परक्या, कोरड्या गल्लीत जावे. तेथे दार उघडणारी बाई काय सांगते ते लिहून घ्यावे आणि ते वहीच्या पहिल्या पानावर असावे.